होय, आत्री, हौ : दुधनीच्या बाजारातले होकार

नकाराचा विरुद्धार्थी शब्द होकार, हे शाळेत पाठ होते. मराठीत नाकारण्याचे मात्र निदान चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाची उलट बाजू निराळी आहे. वस्तू नसली तर ‘नाही’ म्हणतात. त्याची उलट बाजू ‘आहे’. ‘हे ते नव्हे’ असे सांगायचे तर ‘नव्हे’. त्याच्या समोर ‘होय’ उभे राहते. इच्छा नसली तर ‘नको’. त्याच्या समोर ‘हवे’ किंवा ‘पाहिजे’. आणि ‘देत नाही’, ‘करत नाही’ या निर्धाराच्या नकारासमोर ‘देतो’, ‘करतो’ हे क्रियापदच लागते, नुसत्या ‘हो’ने भागत नाही. बोलताना हे चारही प्रकार आपोआप योग्य जागी पडतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही. ते जाते ते दोन-तीन भाषा एकाच ओट्यावर बोलल्या जातात तेव्हा, आणि होकारावर पैसे ठरतात तेव्हा.

दुधनी हे असे ठिकाण आहे. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले हे नगरपरिषदेचे गाव मुंबई–चेन्नई लोहमार्गाच्या सोलापूर–वाडी टप्प्यावर आहे. हंगामात इथल्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात तुरीची पोती येतात. पलीकडचा कलबुर्गी जिल्हा तर तुरीचे कोठारच मानला जातो. घरात कन्नड, कचेरीत मराठी, बाजारात दोन्ही आणि मुसलमान घरांतून दखनी, असा इथला भाषेचा दिवस असतो. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोटचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असे सुचवले आणि महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. सीमेचा तो प्रश्न कागदावर पडून आहे. आवारात मात्र रोज सकाळी मराठी बोलणारा कारकून, कन्नड बोलणारा शेतकरी आणि दखनी बोलणारा हमाल यांचे एकमेकांशी जमवावेच लागते, आणि ते जमते.

आडतीच्या दुकानात नव्याने बसलेल्या दिवाणजीला आधी नकार कळू लागतात, कारण त्यांची मांडणी ओळखीची असते. मराठीत ‘नाही’, तिथे कन्नडमध्ये ‘इल्ला’. ‘नव्हे’, तिथे ‘अल्ला’. ‘नको’, तिथे ‘ब्याड’. हिंदीत असा भेद ‘नहीं’ या एका शब्दात मिटून जातो. मराठी आणि कन्नड यांनी तो जपला आहे आणि दखनीने तर मराठीचा ‘नको’ उचलून आपला ‘नक्को’ केला आहे. त्यामुळे दुधनीत ‘नक्को’ म्हटले की तिन्ही भाषांच्या माणसांना कळते.

होकाराचे नाते याहून खोल आहे. मराठीतले ‘हो’ आणि ‘होय’ ही ‘होणे’ या क्रियापदाची रूपे. कन्नडमधला ‘हौदु’, बोलीतला ‘हौद’, हाही जुन्या ‘अहुदु’वरून, म्हणजे ‘आगु’ या होण्याच्याच क्रियापदावरून आलेला आहे. दोन वेगळ्या भाषाकुळांनी होकारासाठी एकच कल्पना वापरली : जे आहे, जे होते, त्याला दुजोरा. दखनीतला ‘हौ’ या दोन्हींच्या मधोमध बसतो. सोलापूरकडचा ‘व्हय’, कन्नड ‘हौद्री’ आणि दखनी ‘हौ’ हे तीन आवाज एकाच वेळी कानावर पडले तर ते एकाच शब्दाचे तीन उच्चार वाटावेत इतके जवळ आहेत.

पण व्यवहार पक्का करणारा शब्द हा नव्हे. ‘हौद’ म्हणजे ‘तुम्ही म्हणता ते खरे आहे’. आडत्याने ‘आज मंदी आहे’ म्हटले आणि शेतकऱ्याने ‘हौद्री’ म्हटले, तर त्याने मंदी असल्याचे कबूल केले. माल द्यायचे कबूल केलेले नाही. सौदा ठरतो तो ‘आत’ या शब्दाने. प्रमाण कन्नडमधले ‘आयतु’, म्हणजे ‘झाले’. उत्तर कर्नाटकातल्या बोलीत त्याचे रूप ‘आत’, आदराने ‘आत्री’. गोष्ट अजून व्हायची असते, पण बोलणारा ती झालीच असे भूतकाळात सांगून टाकतो, आणि म्हणूनच तो होकार घट्ट असतो. मराठीत याच्या सर्वांत जवळ ‘झालं तर मग’ किंवा ‘जमलं’ येते. नव्या मराठी माणसाला मात्र ‘आत’ ऐकले की आतली खोली आठवते, आणि पोते गाळ्यात न्यायला सांगितले असे वाटते. तसेच ‘हाक्री’चे. मराठीत हाक मारतात, कन्नडमध्ये ‘हाकु’ म्हणजे घालणे. ‘हाक्री’ म्हणजे ‘घाला’ : काट्यावर घाला, वजन करा. या बाजारातला हा बहुधा सर्वांत निःसंदिग्ध होकार, आणि त्यात ‘हो’ नावालाही नाही.

मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचेही तेच. तो सहसा ‘मला मान्य आहे’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘लिवा’. पट्टी लिहा, म्हणजे भाव मान्य. किंवा ‘घ्या करून’. किंवा ‘घाला काट्यावर’. नकारही तो ‘नाही’ असा तोंडावर देत नाही. ‘परवडत न्हाई, सावकार’ म्हणतो. ‘परवडणे’ हे या आवारातले सर्वांत प्रामाणिक क्रियापद आहे. त्यात समोरच्याचा अपमान नाही, स्वतःचा हिशोब आहे, आणि भाव पन्नास रुपयांनी वर सरकला तर शब्द मागे न घेता होकाराकडे येण्याची वाटही आहे. ‘बघू’ मात्र दोन्हीकडे सारखे नाही. व्यापारी ‘बघू’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा नकार असतो, शेतकरी म्हणतो तेव्हा तो शेजारच्या ओट्यावरचा भाव ऐकायला निघालेला असतो.

बाकीच्या शब्दांची वजने अनुभवाने कळतात. ‘चालेल’ म्हणणाऱ्याने पसंती दिलेली नसते, हरकत नसल्याचे सांगितलेले असते. ‘पटलं’ म्हणणाऱ्याचे मन वळलेले असते, पण हात अजून वळलेला नसतो. ‘बरं’ हे सांगितलेले ऐकल्याचे उत्तर आहे आणि ‘असू द्या’मध्ये थोडी निराशा असते, ती ऐकू येत असताना पट्टी लिहायला घाई करू नये, हे जुन्या दिवाणजींचे सांगणे असते. ‘राजी’, ‘कबूल’, ‘मंजूर’ हे अरबीतून आलेले शब्द आता बोलण्यापेक्षा कागदावर जास्त भेटतात. ‘रुकार’ हा सुंदर शब्द तर ऐकूच येईनासा झाला आहे. तो वापरात राहायला हवा होता, कारण तो ‘हो’ म्हणण्याच्या क्रियेपेक्षा मनाच्या तयारीबद्दल बोलतो.

सर्वांत फसवा आहे तो ‘हं’. शेतकरी ऐकत असल्याची खूण म्हणून ‘हं’ म्हणतो, जशी गोष्ट ऐकणारे मूल हुंकार भरते. स्वर खाली गेला तर संमती, वर गेला तर प्रश्न, सपाट राहिला तर नुसती हजेरी. गर्दीत, लिलावाच्या आवाजात हा फरक ऐकणाऱ्याला आपल्या सोयीने ऐकू येतो. हंगामाच्या गर्दीत असे प्रसंग घडतात : भाव सांगितला, शेतकरी ‘हं’ म्हणाला, हमालांनी पोती काट्यावर घेतली, मापाड्याने वजने पुकारली, आणि चौथ्या पोत्याला तो म्हणाला, ‘मी कुठं द्या म्हणालो?’ तेव्हा चूक त्याची धरायची नसते. पोती पुन्हा ओट्यावर लावून द्यायची असतात, आणि हमाली कोणावर टाकायची हा प्रश्न दुकानाने स्वतःच्या खिशातून सोडवायचा असतो.

हुंकाराहून पुढची पायरी म्हणजे गप्प राहणे. मौनाला संमती समजायची लोकरूढ समजूत कितीही जुनी असली तरी करारात ती सहसा टिकत नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यात हाच प्रश्न आला. एका काकाने पुतण्याला घोड्याची किंमत लिहून कळवली आणि ‘यावर काही कळवले नाहीस तर घोडा माझा समजेन’ अशा अर्थाचे लिहिले. पुतण्या गप्प राहिला. पुढे लिलाव करणाऱ्याच्या चुकीने घोडा दुसऱ्यालाच विकला गेला, आणि न्यायालयाने सांगितले की उत्तर न देण्याने घोडा काकाचा झालेलाच नव्हता. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या सातव्या कलमानुसार स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. ‘देतो, पण वजन आज नको’ किंवा ‘देतो, पण पैसे रोख’ हा कायद्याच्या भाषेत होकार नसून उलट प्रस्ताव आहे. बाजारातले निम्मे होकार असे ‘पण’ घेऊन येतात आणि तो ‘पण’ ऐकून घेणे हाच दिवाणजीच्या कामाचा मोठा भाग असतो.

लिलावात होकाराचा क्षण कायद्याने आणखी नेमका केला आहे. मालविक्री कायदा, १९३० च्या चौसष्टाव्या कलमानुसार लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा मारून किंवा रूढ रीतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर करेपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते. ‘एकवार, दोनवार’ ही मोजणी चालू असेपर्यंत मागे फिरायची वाट उघडी असते. धान्याच्या ओट्यावर हातोडा नसतो. वानगी मुठीत घेऊन खरेदीदार दाणा पाहतात, दाताखाली धरून ओलावा अजमावतात, बोली चढते, थांबते, आणि मग शेवटचा प्रश्न मालधन्याकडे येतो. भाव न पटल्यास माल न देण्याची मोकळीक त्याला असते. म्हणजे इथे दोन होकार लागतात, खरेदीदाराचा आणि शेतकऱ्याचा, आणि दुसरा पहिल्याइतक्याच मोठ्या आवाजात मागितला जायला हवा.

एके काळी तो मागितलाच जात नसे. देशभरच्या बाजारांत हत्ता पद्धत होती : खरेदीदार आणि दलाल रुमालाखाली हातात हात घालत आणि बोटे दाबून भाव ठरवत. धान्य ज्याचे, तो समोर उभा राहून रुमालाकडे बघत असे. बोटांची ती भाषा कौशल्याची होती हे खरे, पण तिच्यातला होकार ज्याच्या मालाबद्दल होता त्यालाच तो दिसत नव्हता. नियंत्रित बाजाराची कल्पना वऱ्हाडात १८९७ च्या कापूस आणि धान्य बाजार कायद्याने आली, मुंबई इलाख्यात १९२७ आणि १९३९ चे कायदे झाले आणि महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. या सगळ्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : भाव उघड्यावर बोलला जावा.

उघड्यावर बोललेला भावही दोघांनी एकच ऐकला पाहिजे. करार कायद्याचे तेरावे कलम संमतीची व्याख्या अशी करते की दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा ती संमती. दुधनीत हे कलम रोज कसाला लागते. कन्नडमध्ये सात म्हणजे ‘एळ’, आठ म्हणजे ‘एंट’. गलक्यात पहिले अक्षर तेवढे ऐकू येते. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे; त्याच्या अलीकडे-पलीकडे चालणाऱ्या बाजारात ‘एळ साव्हिर’ आणि ‘एंट साव्हिर’ यांची गल्लत म्हणजे क्विंटलमागे हजार रुपयांची गल्लत. अनुभवी माणसे म्हणून आकडा दोन भाषांत म्हणतात : ‘एंट साव्हिर, आठ हजार, बरोबर का अप्पा?’ आणि शेतकऱ्याने नुसते ‘आत्री’ म्हटले तर थांबतात. आकडा त्याच्या तोंडून यावा लागतो.

होकार ऐकू आला, आकडा जुळला, तरी तो मोकळा होता का, हा प्रश्न उरतो. कायदा मुक्त संमती मागतो; बळजबरी, गैरवाजवी प्रभाव, कपट, खोटी माहिती आणि चूक यांनी मिळवलेली संमती तो मुक्त मानत नाही. बाजारात बळजबरी दिसत नाही. दिसते ती पेरणीच्या वेळी घेतलेली उचल. ज्या दुकानाची बाकी अंगावर आहे त्याच दुकानात माल आणायचा आणि तिथेच ‘परवडत नाही’ म्हणायचे, याला फार धीर लागतो. पोरीच्या लग्नाची तारीख ठरलेली असते, ट्रॅक्टरचे भाडे उभे असते, संध्याकाळ होत आलेली असते. अशा वेळचे ‘घ्या करून’ शब्दाने होकार असते आणि आवाजाने नसते. हा आवाज ज्याने अनेक हंगाम ऐकला आहे त्याला तो ओळखता येतो, आणि ओळखून गप्प राहणे त्याला जड जाते.

यावर भाषेचा उपाय नाही, साठवणुकीचा आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन असा माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळण्याची तरतूद तीत आहे. शेतकऱ्याला याने भाव मिळतो असे नव्हे. ‘आज नाही’ म्हणायची ताकद मिळते. ज्याला नाही म्हणता येते त्याच्या ‘लिवा’ला मग वेगळीच खणखणीत धार येते, ती ओट्यावर लगेच ऐकू येते.

आवाराच्या बाहेर, दुधनीच्या रेल्वे स्थानकावर होकाराची दुसऱ्या टोकाची शिस्त पाहायला मिळते. सोलापूरकडून येणारी गाडी बोरोटीहून दुधनीकडे सोडायची तर आधी मार्ग मोकळा असल्याची परवानगी मिळवावी लागते. रेल्वेत तिला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. ती ब्लॉक यंत्रावर दिली-घेतली जाते आणि जिथे तोंडी निरोपावर काम चालते तिथे खासगी क्रमांक सांगून तिची खातरजमा होते, म्हणजे पुढे ‘मी हो म्हणालोच नव्हतो’ असे कोणाला म्हणता येत नाही. परवानगी आली नाही तर गाडी उभी. इथे मौन म्हणजे नकार. गाडी सुटताना चालक आणि गार्ड (२०२२ पासून त्यांचे पदनाम ट्रेन मॅनेजर झाले) एकमेकांना हिरवा झेंडा किंवा दिवा दाखवून सर्व ठीक असल्याची खूण देतात. एकाने दाखवून भागत नाही, दुसऱ्याने ती परत द्यावी लागते. आकडा शेतकऱ्याच्या तोंडून वदवून घेणे ही याच शिस्तीची बाजारी आवृत्ती म्हणता येईल.

कागदावरचे होकार आणखी निराळे वागतात. नगरपरिषदेत ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. एकट्याचा होकार तिथे ठराव ठरत नाही. फायलीवर ‘मंजूर’ आणि ‘मान्य’ यांना अर्थ असतो, तर ‘पाहिले’ लिहून केलेली सही ही ओट्यावरच्या ‘हं’सारखी, हजेरीची. आणि ‘सही’ हा शब्दच मुळात होकार आहे : अरबी ‘सहीह’, म्हणजे बरोबर. ज्याने सही केली त्याने वरचे सगळे बरोबर असल्याचे म्हटले. ‘राजीनामा’ची कथा याहून चमत्कारिक. राजी असल्याचा लेख तो राजीनामा. मुंबई इलाख्याच्या महसुली पद्धतीत जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. दोघांचेही कागद होकाराचेच. पुढे जमीन सोडण्यावरून नोकरी, पद सोडण्याकडे अर्थ सरकला, आणि संमतीचा शब्द निघून जाण्याचा शब्द झाला. वर्तमानपत्रात तो वाचताना त्यातला ‘राजी’ आता कोणाला दिसत नाही.

मराठी माणसाने होकाराला वस्तूही दिल्या आहेत. सुपारी हातात घेतली की काम पत्करले, विडा उचलला की आव्हान पत्करले, इसार घेतला की जमिनीचा किंवा बैलाचा सौदा बांधला गेला. शब्द फिरवता येतो, हातात घेतलेली वस्तू परत करताना चारचौघांना दिसते, एवढीच त्यामागची व्यवहारी दृष्टी. धान्याच्या सौद्यात ती जागा काट्याने घेतली आहे. पोते काट्यावर चढले की मागे फिरणे अवघड जाते. म्हणूनच ‘हाक्री’ ऐकल्याशिवाय पोत्याला हात न लावण्याची शिस्त चांगले हमाल आपणहून पाळतात.

आता होकाराचा बराच भाग फोनवर गेला आहे. शेतकरी गावी, माल आवारात. मान तिरकी हलवून दिलेली संमती फोनवर पोहोचत नाही, आवाजातली निराशाही अर्धीच पोहोचते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजारमंचावर बोली संगणकावर लागते आणि मिळालेला भाव मान्य-अमान्य करण्याची सोय असते. रुमालाच्या काळापासून पाहिले तर ही मोठी मजल आहे. पण बटण दाबणारा हात पुष्कळदा मुलाचा किंवा आडत्याच्या माणसाचा असतो, आणि विचारला जाणारा प्रश्न ज्या भाषेत येतो ती घरची असतेच असे नाही.

म्हणून संध्याकाळी पट्टी हातात देताना एक काम उरते. पट्टी मराठीत असते : वजन, भाव, हमाली, तोलाई, शेवटी निव्वळ रक्कम. कन्नड शाळेत शिकलेल्या किंवा शाळेत न गेलेल्या माणसाला ती ओळीने वाचून दाखवावी लागते, आकडे कन्नडमध्ये, कपात कशाची ते बोट ठेवून. तो मध्येच थांबवतो, एखादे वजन पुन्हा विचारतो, मनात बेरीज करतो. मग म्हणतो, ‘सरी अदरी’, बरोबर आहे. त्यानंतर शाईची डबी पुढे करायची, आणि अंगठ्याशेजारी लिहायचे : निशाणी डाव्या हाताचा अंगठा.